पुनर्मुद्रित व क्षतिग्रस्त नाण्यांची ओळख आणि अस्सलता : जोगळटेंभी नाणेनिधीच्या संदर्भात एक अभ्यास

बीजसंज्ञा : नाणकशास्त्र, पुनर्मुद्रण, नहपान, गौतमीपुत्र सातकर्णी, जोगळटेंभी, नाणेनिधी, क्षरण, अस्सलता

प्रस्तावना

प्राचीन भारताच्या राजकीय इतिहासाची पुनर्रचना करताना नाणे हे अत्यंत विश्वसनीय साधन मानले जाते. ते समकालीन असते, राजसत्तेच्या आज्ञेने पाडलेले असते आणि ग्रंथांप्रमाणे त्यात उत्तरकालीन प्रक्षेप होण्याची शक्यता कमी असते. परंतु शिलालेख जागच्या जागी राहतो, तर नाणे हातोहात फिरते. ते झिजते, वितळवले जाते, जमिनीत पुरले जाते, दागिन्यात गुंफले जाते आणि क्वचित दुसऱ्या राजाच्या ठशाखालीही येते. त्यामुळे संशोधकाच्या हाती येणारे नाणे बहुधा अपूर्ण असते. लेखातील निम्मी अक्षरे चकतीबाहेर गेलेली, मुखाकृती सपाट झालेली, कडा तुटलेली अशा अवस्थेत ते समोर येते.

अशा नाण्यासंबंधी दोन प्रश्न उपस्थित होतात. ते कोणाचे, हा पहिला प्रश्न आणि ते अस्सल आहे काय, हा दुसरा. हे दोन प्रश्न सामान्यतः स्वतंत्र समजले जातात आणि नाण्यावरील हानी ही दोहोंच्या वाटेतील अडचण मानली जाते. प्रस्तुत शोधनिबंधात याहून वेगळी भूमिका मांडली आहे. हानी कोणत्या प्रकारची, कोणत्या क्रमाने व कोणत्या काळात झाली हे निश्चित करता आले, तर ती हानीच ओळखीचा व अस्सलतेचा पुरावा ठरते. नाशिक जिल्ह्यात १९०६ साली सापडलेला जोगळटेंभी नाणेनिधी हे याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण होय.

शोधनिबंधाची उद्दिष्टे

१. नाण्यावरील हानीचे कालानुक्रमे वर्गीकरण करणे.
२. नहपानाच्या मूळ नाण्यांची व गौतमीपुत्राने पुनर्मुद्रित केलेल्या नाण्यांची ओळखचिन्हे स्पष्ट करणे.
३. अस्सल पुनर्मुद्रित नाणे व बनावट नाणे यांतील फरक ओळखण्याच्या कसोट्या मांडणे.
४. एकटे नाणे व संपूर्ण निधी यांच्या साक्षीमूल्यातील भेद विशद करणे.

गृहीतक

क्षतिग्रस्त नाण्याची अस्सलता केवळ त्याच्या धातूवरून किंवा लेखावरून सिद्ध होत नाही. त्यावरील हानीच्या थरांचा क्रम आणि त्याचा प्राप्तिसंदर्भ यांचा एकत्रित विचार केल्यासच ती सिद्ध होते.

जोगळटेंभी निधी : पार्श्वभूमी

जोगळटेंभी हे नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातील गाव गोदावरी व दारणा यांच्या संगमाजवळ वसले आहे. येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा उजेडात आला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याचे परीक्षण करून आपला वृत्तांत १९०८ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तपासलेल्या नाण्यांची संख्या सुमारे १३,२५० होती. ही सर्व नाणी मुळात क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान याची होती. त्यांपैकी ९,००० हून अधिक, म्हणजे दोनतृतीयांशाहून जास्त, नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचे ठसे पुन्हा मारलेले होते. त्याच वर्षी ई. जे. रॅप्सन यांची आंध्र व पश्चिमी क्षत्रपांच्या नाण्यांची सूची ब्रिटिश म्युझियमने प्रकाशित केली आणि या निधीचे महत्त्व अभ्यासकांच्या ध्यानी आले.

या निधीपूर्वी नहपानाची नाणी दुर्मीळ होती. त्याची माहिती प्रामुख्याने शिलालेखांवरून मिळत असे. त्याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने नाशिकच्या क्रमांक १० च्या लेण्यात कोरवलेल्या लेखांत ४१, ४२ व ४५ ही वर्षे येतात, तर अमात्य अयम याच्या जुन्नर येथील लेखात ४६ हे वर्ष आहे. उषवदाताच्या लेखात ७०,००० कार्षापणांचे मूल्य २,००० सुवर्ण, म्हणजे एका सुवर्णास ३५ कार्षापण, असे सांगितले आहे. भिक्षुसंघासाठी दिलेल्या ३,००० कार्षापणांपैकी २,००० दरमहा शेकडा १ व १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने विणकरांच्या श्रेणींकडे ठेवल्याची नोंदही तेथे आहे. यावरून नहपानाच्या काळात गोवर्धन म्हणजे नाशिक परिसरात नाणी मोजून व्याजाने ठेवण्याइतका व्यवहार रूढ झाला होता, हे स्पष्ट होते. सातवाहनांचे नेहमीचे चलन मुख्यत्वे शिसे, पोटीन व तांबे या धातूंचे होते. त्यामुळे हा प्रदेश हाती आल्यावर तेथे रुळलेल्या चांदीच्या चलनाचे काय करावे, हा व्यावहारिक प्रश्न विजेत्यापुढे उभा राहणे स्वाभाविक होते. नाणी वितळवून नव्या चकत्या पाडण्यापेक्षा आहे त्याच नाण्यांवर आपला ठसा मारणे कमी श्रमाचे होते. शिवाय सत्तांतराची वार्ता त्यामुळे प्रत्येक नाण्याबरोबर घरोघर पोहोचत होती.

हानीचे वर्गीकरण

एखादे जुने नाणे हाती आल्यावर त्यावरील हानी पुढील चार अवस्थांत विभागून पाहणे उपयुक्त ठरते.

*अ) टाकसाळीतील हानी :* ठसा चकतीपेक्षा मोठा असणे, तो एका बाजूस सरकणे, घणाच्या आघाताने कडेस चीर जाणे, किंवा जुन्या नाण्यावर नवा ठसा मारल्याने मूळ आकृती चेपली जाणे. ही हानी नाण्याच्या जन्माबरोबरची किंवा पुनर्जन्माबरोबरची असते.

*आ) चलनातील हानी :* हाताळणीने उंच भागांची झीज होते. नहपानाच्या नाण्यावर गाल, नाक व केसांच्या रेषा प्रथम झिजतात, तर खोलगट भागातील अक्षरे त्यामानाने टिकतात.

*इ) भूमीतील हानी :* चांदीतील तांब्याचा अंश बाहेर पडून हिरवट थर बसतो. क्षारयुक्त मातीत चांदीच्या क्लोराइडचा करडा थर तयार होतो. दीर्घकाळाने धातू ठिसूळ बनतो व तडे पडतात.

*ई) प्राप्तीनंतरची हानी :* चिंच, लिंबू वा तेजाब लावून उजळणे, कडी डाखणे, भोक पाडणे, घासणे, अक्षरे कोरून ठळक करणे इत्यादी.

अस्सलतेच्या दृष्टीने पहिल्या तीन प्रकारांची हानी बहुधा साक्षीदाराचे काम करते. चौथ्या प्रकारची हानी मात्र हे साक्षीदार नाहीसे करते. म्हणून परीक्षणाचा पहिला नियम असा की, नाणे स्वच्छ करण्यापूर्वी ते वाचावे.

ओळखीचा प्रश्न

नहपानाच्या मूळ नाण्याचे वजन साधारण २ ग्रॅमच्या आसपास असते. पुढील बाजूस उजवीकडे पाहणारी राजाची मुखाकृती व तिच्याभोवती ग्रीक लिपीतील लेख असतो. मागील बाजूस बाण व वज्र ही चिन्हे असून ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत ‘राञो क्षहरातस नहपानस’ या आशयाचा लेख असतो. ग्रीक लिपीतील मजकूरही ग्रीक भाषेतील नसून या भारतीय लेखाचेच लिप्यंतर आहे. एकाच नाण्यावर तीन लिपींत तेच शब्द असल्यामुळे क्षतिग्रस्त नाण्याच्या वाचनात मोठे साहाय्य होते. ब्राह्मी भागातील ‘नह’ ही अक्षरे नष्ट झाली असली, तरी खरोष्ठी वा ग्रीक भागातील तीच अक्षरे शाबूत असू शकतात. गोलाकार लेखात अक्षरांमधील अंतर मोजून तुटलेल्या भागात किती अक्षरे मावतील याचाही अंदाज बांधता येतो.

गौतमीपुत्राच्या ठशात एका बाजूस तीन कमानींचा पर्वत (ज्यास काही अभ्यासक चैत्य म्हणतात) आणि ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ हा ब्राह्मी लेख असतो. दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिक चिन्हाच्या चार टोकांना जोडलेली वर्तुळे, असते. पुनर्मुद्रित नाण्यावर ही दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळलेली दिसतात. पर्वताच्या कमानीशेजारी नाकाची रेषा, वर्तुळाखाली बाणाचे टोक, ब्राह्मी अक्षरांमधून डोकावणारे ग्रीक अक्षर असे अवशेष सामान्य आहेत.

येथे एक गंभीर घोटाळा संभवतो. चष्टन व त्याच्या वंशजांच्या, म्हणजे कार्दमक क्षत्रपांच्या, चांदीच्या नाण्यांवरही एका बाजूस मुखाकृती व दुसऱ्या बाजूस तीन कमानींचा पर्वत असतो. झिजलेल्या नाण्यावर मुखाचा अंश व पर्वत एवढेच दिसत असेल, तर ते गौतमीपुत्राने पुनर्मुद्रित केलेले नहपानाचे नाणे आहे की कार्दमकांचे, हे प्रथमदर्शनी सांगणे कठीण होते. यासाठी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, पर्वतावर वा त्याच्या बाजूस चंद्रकोर व तारा किंवा सूर्य आहे काय. हा समूह कार्दमकांच्या नाण्यांचे वैशिष्ट्य आहे. दुसरी, उज्जैन चिन्हाच्या वर्तुळाचा एखादा कंस कोठे आढळतो काय. आढळल्यास निर्णय सातवाहनांकडे झुकतो. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन आकृत्या एकाच थरात आहेत की एक दुसरीच्या खाली आहे. कार्दमक नाण्यावर प्रत्येक बाजूस एकच चित्र एका आघातात उमटलेले असते. पुनर्मुद्रित नाण्यावर एकाच बाजूस दोन चित्रांचे अवशेष असून त्यांतील एक चेपलेले व दुसरे तुलनेने तीक्ष्ण असते.

याचा अर्थ असा की, नाण्याचे चित्र जेथे अपुरे पडते तेथे हानीचा थर निर्णायक ठरतो. हानी नसती, तर ही ओळख अधिक कठीण झाली असती.

अस्सलतेचा प्रश्न

*१) ठोकलेले की ओतलेले :* प्राचीन चांदीचे हे नाणे ठसा ठोकून पाडलेले असते. आघातामुळे धातू कडेकडे सरकतो, अक्षरांच्या कडा स्पष्ट राहतात आणि काठावर अरुंद चिरा पडतात. साच्यात ओतलेल्या प्रतिकृतीत पृष्ठभागावर बुडबुड्यांचे सूक्ष्म खड्डे, अक्षरांच्या बोथट कडा व काठावर जोडाची रेषा किंवा ती घासून काढल्याच्या खुणा आढळतात. काठावरील चीर पाहून नाणे खराब म्हणून बाजूस टाकणारा परीक्षक आघाताचा पुरावाच दृष्टीआड करत असतो.

*२) योगायोगाची कसोटी :* पुनर्मुद्रित नाण्यासंबंधी ही कसोटी विशेष प्रभावी आहे. एकाच ठशातून अनेक अस्सल नाणी निघू शकतात, त्यामुळे दोन नाण्यांवरील ठसा समान असणे संशयास्पद नाही. उलट ज्ञात ठशाशी जुळणी झाल्यास ती अस्सलतेला पोषकच ठरते. परंतु पुनर्मुद्रणात दोन स्वतंत्र आघात असतात आणि दुसरा आघात पहिल्या चित्राच्या नेमक्या कोणत्या भागावर, कोणत्या कोनातून व किती जोराने पडावा हे प्रत्येक वेळी बदलते. चकतीचा आकार व झीजही वेगळी असते. म्हणून ज्या दोन नाण्यांवर खालच्या चित्राचे अवशेष, वरच्या ठशाचा कोन, काठावरील चीर व झिजेचे ठिकाण हे सर्व तंतोतंत सारखे आहे, त्यांपैकी किमान एक नाणे दुसऱ्याची किंवा तिसऱ्या एखाद्या नाण्याची प्रतिकृती असलेच पाहिजे.

*३) थरांचा क्रम :* अस्सल पण सामान्य नाण्यावर आधुनिक ठसा मारून ते दुर्मीळ भासवणे किंवा पुसट अक्षरे कोरून निराळा लेख तयार करणे, हा फसवणुकीचा अधिक अवघड प्रकार आहे. येथे धातू प्राचीन असल्याने रासायनिक परीक्षण पुरेसे ठरत नाही. भूमीतील क्षरणाचा थर आघाताच्या खोलगट भागातही अखंड गेला आहे काय, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आवश्यक असते. आघात प्राचीन असेल तर क्षरण त्याच्यानंतरचे, म्हणजे त्याच्यावर असते. नव्या आघाताने वा कोरणीने क्षरणाचा थर तुटलेला व खाली उजळ धातू उघडा पडलेला दिसतो. तेजाबाने धुतलेल्या नाण्यावर ही कसोटीच लागू करता येत नाही.

*४) वजन व धातू :* वजनाचा विचार स्वतंत्रपणे करू नये. झीज व क्षरण यांमुळे अस्सल नाणे हलके होते, आणि बनावट नाणे मुद्दाम योग्य वजनाचे केलेले असू शकते. विशिष्ट गुरुत्वाची पद्धत महाविद्यालयीन प्रयोगशाळेत सहज करता येते. शुद्ध चांदीचे विशिष्ट गुरुत्व १०.५ व तांब्याचे ८.९६ आहे. मात्र लहान नाण्याबाबत तिच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. शुद्ध चांदीचे २ ग्रॅम वजनाचे नाणे सुमारे ०.१९ ग्रॅम पाणी बाजूस सारते. मापनात केवळ ०.०१ ग्रॅमची चूक झाली व ही संख्या ०.२० आली, तर उत्तर १०.५ ऐवजी १०.० येते आणि शुद्ध चांदीचे नाणे भेसळयुक्त ठरते. तड्यांत अडकलेली हवा हीच चूक घडवून आणते. क्ष-किरण प्रतिदीप्ती पद्धतीने नाण्यास इजा न होता धातुघटक कळतात. परंतु पुरलेल्या नाण्याच्या पृष्ठभागातून तांबे निघून गेलेले असल्यास पृष्ठभागी चांदीचे प्रमाण आतील भागापेक्षा अधिक दिसते, हे ध्यानात ठेवूनच निष्कर्ष काढावा लागतो.

एकटे नाणे आणि निधी : साक्षीमूल्याचा भेद

समजा, गौतमीपुत्राच्या ठशाचे नहपानाचे एक नाणे पूर्णतः अस्सल ठरले. त्यावरून इतिहासाला काय मिळते? नहपानाचे मुद्रण आधीचे व गौतमीपुत्राचे नंतरचे, एवढा क्रम निश्चित होतो. दोहोंमधील अंतर एका वर्षाचे की शंभर वर्षांचे, हे ते नाणे सांगू शकत नाही. ही शंका काल्पनिक नाही. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात, अपोलोडोटस व मिनँडर या जुन्या राजांची नाणी भडोच येथे त्या काळीही चालत असल्याचे नमूद आहे. मिनँडर हा इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील राजा होता. चांदीचे नाणे दोन शतके चलनात राहू शकत असेल, तर गौतमीपुत्राच्या हाती नहपानाची नाणी बऱ्याच काळानंतर आली असण्याची शक्यता तत्त्वतः नाकारता येत नाही. नहपान व गौतमीपुत्र समकालीन नव्हते, अशी बाजू काही अभ्यासकांनी मांडलीही होती.

या शंकेचे समाधान एकट्या नाण्याने होत नाही. ते निधीच्या घडणीने होते. जोगळटेंभीच्या सुमारे १३,२५० नाण्यांत नहपानानंतरच्या कोणत्याही क्षहरात राजाचे नाणे नव्हते. नहपान व गौतमीपुत्र यांच्या दरम्यान मोठा काळ गेला असता, तर इतक्या मोठ्या साठ्यात मधल्या राजाचे नाणे मिसळले असते, अशी अपेक्षा रास्त आहे. तसेच पुनर्मुद्रित व मूळ अशी दोन्ही प्रकारची नाणी एकत्र मिळाल्यामुळे पुनर्मुद्रणाचे काम अपुरे असतानाच किंवा ते नुकतेच झाले असताना साठा पुरला गेला असावा, असे अनुमान करता येते.

या अनुमानास शिलालेखांचा आधार मिळतो. नाशिकच्या क्रमांक ३ च्या लेण्यातील गौतमीपुत्राच्या १८ व्या राज्यवर्षाच्या लेखात, तोवर उषभदाताच्या भोगवट्यात असलेले २०० निवर्तनांचे शेत भिक्षूंना दिल्याची आज्ञा आहे. हा उषभदात म्हणजे नहपानाचा जावईच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच लेण्यातील वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या वर्षाच्या लेखात राजमाता गौतमी बलश्री आपल्या पुत्राचे वर्णन खखरात वंशाचा उच्छेद करणारा असे करते. नाण्यांवरील ‘क्षहरात’ व लेखातील ‘खखरात’ एकच होत. प्रशस्तीत अतिशयोक्ती असू शकते. परंतु नऊ हजारांहून अधिक नाण्यांवरील घणाच्या खुणा तिला दुजोरा देतात. नहपानाच्या कालनिश्चितीबाबत मतभेद आहेत. त्याची वर्षे शक संवताची मानून त्याला इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी ठेवण्याचे मत पूर्वी प्रचलित होते, तर अलीकडील अनेक नाणकशास्त्रज्ञ ती स्वतंत्र गणनेची मानून त्याला पहिल्या शतकात नेतात. तथापि नहपानानंतर लगेच गौतमीपुत्र, हा क्रम दोन्ही मतांत कायम राहतो. तो ठरवण्याचे श्रेय मोठ्या अंशी या चेपलेल्या नाण्यांकडे जाते.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. या निधीतील मुखाकृती एकसारख्या नाहीत. काही तरुण, काही वृद्ध, काहींची ठेवणच वेगळी आहे. अशी दोन सुटी नाणी बाजारात पाहणाऱ्यास त्यांपैकी एक बनावट वाटले असते. निधी एकत्र पाहिल्यामुळे ही विविधता त्या मालिकेचाच गुणधर्म असल्याचे समजले. म्हणजे सुट्या नाण्याच्या अस्सलतेचे मापही अखेर निधीतूनच मिळते.

प्राप्तिसंदर्भाचे रक्षण

वरील विवेचनावरून खरा धोका कोठे आहे, हे स्पष्ट होते. नांगरताना वा पाया खणताना सापडलेला साठा वाटून घेतला गेला, काही नाणी सराफाकडे वितळली व उरलेली उजळून विकली गेली, तर प्रत्येक नाणे अस्सल असूनही निधीची साक्ष कायमची नष्ट होते. जोगळटेंभीचा साठा असा विखुरला असता, तर तेरा हजार नाण्यांऐवजी तेरा हजार सुटी कोडी उरली असती. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा भूमिगत साठा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते व खाजगी व्यक्तीस ते देशाबाहेर पाठवता येत नाही. या तरतुदींची माहिती ग्रामीण भागात पोहोचवण्याचे काम इतिहास विभाग करू शकतात. विद्यार्थ्याने नाणे आणून दाखवल्यास ते न धुता दोन्ही बाजू व काठ यांचे छायाचित्र, वजन, व्यास, सापडल्याचे ठिकाण, सोबतच्या वस्तू व नाण्यांची एकूण संख्या एवढी नोंद प्रथम करावी. वाचन नंतरही होऊ शकते. हरवलेला संदर्भ परत मिळत नाही.

निष्कर्ष

१. क्षतिग्रस्त नाण्यावरील हानी ही टाकसाळ, चलन, भूमी व प्राप्तीनंतरचा काळ अशा क्रमाने विभागून पाहिल्यास ती ओळखीचे साधन बनते.

२. गौतमीपुत्राने पुनर्मुद्रित केलेली नहपानाची नाणी व कार्दमक क्षत्रपांची नाणी यांतील संभ्रम केवळ चिन्हांवरून दूर होत नाही. चित्रांच्या थरांचा क्रम पाहणे आवश्यक ठरते.

३. वजन, विशिष्ट गुरुत्व व धातुपरीक्षण या पूरक कसोट्या आहेत. पुनर्मुद्रित नाण्याबाबत आघातांचा अनन्य योगायोग व क्षरणाच्या थराची अखंडता या कसोट्या अधिक निर्णायक आहेत.

४. एकटे अस्सल नाणे घटनांचा क्रम सांगते; संपूर्ण निधी त्या घटनांमधील जवळीक सांगतो. नहपान व गौतमीपुत्र यांच्या संबंधाचा निर्णय दुसऱ्या प्रकारच्या साक्षीवर आधारलेला आहे.

५. म्हणून नाण्याची अस्सलता जपणे म्हणजे ते धातूचे आहे तसे जपणे एवढेच नव्हे. त्यावरील माती, क्षरण, घणाची खूण व सोबतची नाणी यांसह ते जपणे, हा त्याचा पूर्ण अर्थ होय. गौतमीपुत्राने नहपानाचे नाव पुसण्यासाठी मारलेल्या ठशाखाली ते नाव आजही वाचता येते. नाणे उजळण्याच्या हौसेत मात्र दोघांचीही नावे पुसली जातात.